मजला चढवावा की परसात खोली वाढवावी?

लिंबाखाली : मागे मोकळी जागा असताना वर मजला चढवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे, असे काल येथे एका सदस्याने लिहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराच्या परसात भावाच्या आग्रहाने आम्ही खोली बांधली. खोली झाली, परंतु मधल्या खोलीची मागची खिडकी बुजली आणि त्या खिडकीतला कूलर गेला. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घरातलीच हवा फिरवणारा कूलर गारवा देत नाही, फक्त दमटपणा वाढवतो. त्या उन्हाळ्यात आईला आम्ही समोरच्या व्हरांड्यात झोपवत होतो.

सळई : आपल्या आईंचे हाल वाचून वाईट वाटले, परंतु एका कूलरपायी लोकांना मजला चढवायला सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. जुन्या लेआउटमधली कितीतरी घरे कॉलमविना, नऊ इंची भिंतींवर उभी आहेत आणि खाली उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात फुगणारी काळी माती आहे. माझ्या मेहुण्यांनी पाया न तपासता मजला चढवला. पहिल्याच पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराच्या दारावरच्या लिंटेलच्या (आडव्या तुळईच्या) कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी चीर गेली आणि तीत रुपयाचे नाणे सहज शिरू लागले. कंत्राटदाराने ती पुट्टीने बुजवली; पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडली.

लिंबाखाली : काळी माती परसातही आहेच, साहेब. नवा पाया जुन्यापेक्षा वेगळा खचतो आणि दोन्ही भिंतींच्या सांध्यात चीर पडते, ती आमच्याकडे येऊन पाहा. शिवाय मागचे मार्जिन, म्हणजे नियमाने मोकळी ठेवायची जागा, सोडले नाही, म्हणून नोटीस आली ती वेगळीच.

नाग नदीकाठ : 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या खाटेच्या गादीपर्यंत पाणी चढले होते. आमच्या वस्तीत कोणी परसात खोली वाढवण्याचा सल्ला दिला, तर मला त्याचा राग येतो.

मानेवाडा : पुराचे मान्य आहे, परंतु वर राहणाऱ्याचे काय? आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरालाही पंख्यातून झळा येतात. तुम्ही खालच्या कूलरसाठी भांडता. वर झोपणारी माणसे तुमच्या हिशेबात नाहीत.

लिंबाखाली : वर कूलरला चारही बाजूंनी कोरडी हवा मिळते, समोरची खिडकी उघडी ठेवली की दमट हवा निघूनही जाते, आणि गच्चीला चुना मारला तर स्लॅब कमी तापतो. खाली बुजलेल्या खिडकीवर कोणता उपाय आहे, ते कोणीच सांगितलेले नाही.

महाल : उपाय आहे. आमच्या वाड्याला चौक आहे, म्हणून मधल्या खोल्यांना आजही वारा मिळतो. जुनी भिंत आणि नवी खोली यांच्यामध्ये चार फुटांची उघडी जागा सोडली असती, तर खिडकीही राहिली असती आणि कूलरही.

लिंबाखाली : दहा फुटांच्या परसात चार फूट सोडून उरलेल्या सहा फुटांत खाट तरी कशी बसणार?

सळई : दहा फुटांच्या परसापुरते तुमचे म्हणणे खरे आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु वर वीट चढवण्याआधी घराच्या दोन कोपऱ्यांशी पायाच्या तळापर्यंत खड्डे खणा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला तेथे उभे करून दाखवा. ते न करता कोणी मजला चढवणार असेल, तर माझा विरोध कायम राहील.

लिंबाखाली : पावसाळ्याच्या आत खणून घेतो. जुन्या भिंतींना भार झेपणार नसेल, तर वरची खोली मी बांधणार नाही. परंतु परसातल्या खोलीची मागची भिंत फोडून आईची खिडकी मी नक्की मोकळी करणार आहे.