९७ फ्री थ्रो, आणि म्हणे 'एकहाती जिंकली'

प्लेनोचा_पक्या
काल इथे कुणीतरी लिहिलं, "२००६ ची एनबीएची बास्केटबॉल फायनल डॅलसविरुद्ध मायामीच्या ड्वेन वेडने एकहाती जिंकली, रेफ्रीच्या नावाने रडणं हा हरलेल्यांचा जुना धंदा." झोपच उडाली माझी. एकहाती? सहा मॅचमध्ये त्याला ९७ फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याने फाऊल केला की मिळणारे फुकटचे शॉट! पाचव्या मॅचला वेडला एकट्याला २५ आणि अख्ख्या डॅलसला मिळून २५. शेवटची शिट्टी आठवा. ओव्हरटाईम, डॅलस १००-९९ ने पुढे, वेड चौघांच्या गराड्यात घुसतो आणि १.९ सेकंद उरलेले असताना फाऊल कुणावर, तर आमच्या डर्क नोविट्स्कीवर. मी तेव्हा डॅलसजवळ प्लेनोत होतो. आम्ही सहा जण एका खोलीत, समोर पिठलं गार झालेलं, कुणी हात लावेना. तो रिप्ले आजवर शंभरदा पाहिलाय. डर्कचा हात कुठे लागला ते दाखवा. वेडच्या जागी बाकावरचं पोरगं असतं तर वाजली असती ती शिट्टी?

खडूस_सातारकर
पिठल्याचं वाईट वाटलं. पण तिसऱ्या मॅचला शेवटची सहा-साडेसहा मिनिटं राहिली असताना १३ ची आघाडी होती, ती रेफ्रीने खाल्ली का? बरोबरी साधायचा फ्री थ्रो ३.४ सेकंद असताना तुमच्या डर्कनेच घालवला. तो पडला असता तर कदाचित ३-० झालं असतं. पाचवीत तुमच्याच जॉश हॉवर्डने ओव्हरटाईमला दोन्ही फ्री थ्रो घालवले. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि २०११ ला ओक्लाहोमाविरुद्ध डर्कने एका मॅचमध्ये २४ पैकी २४ फ्री थ्रो टाकले, तेव्हा पिठलं गरम होतं वाटतं?

प्लेनोचा_पक्या
टाईमआऊटचं बोला ना! वेडचे दोन्ही फ्री थ्रो झाल्यावर डॅलसला तो हवा होता, म्हणजे बॉल अर्ध्या कोर्टावरून मिळाला असता; रेफ्रीने पहिल्यानंतरच देऊन टाकला. मग १.९ सेकंदात अख्खं कोर्ट पार करा. वर डॅलसचा मालक क्यूबन, त्याला अडीच लाख डॉलर दंड. तोंड उघडलं म्हणून!

लेगबाय
स्टार ट्रीटमेंटवर आपण बोलायचं? मोहाली, २०११ ची सेमीफायनल. सचिन २३ वर पायचीत, रिव्ह्यूत वाचला, ८५ काढून गेला. तेव्हा कुणाला रिप्ले शंभरदा बघावासा वाटला नाही.

दादरचा_मध्यमवर्गीय
अहो, अंपायरने तर आऊटच दिलं होतं! वाचवलं मशीनने. ही कसली ट्रीटमेंट? आणि १९९९ चं अ‍ॅडलेड? वाकलेल्या माणसाच्या खांद्याला बॉल लागतो आणि हार्पर बोट वर करतो. शून्यावर. त्या दिवशी स्टार नव्हता का सचिन?

लेगबाय
अ‍ॅडलेड निघणार हे माहीतच होतं. पंचवीसेक वर्षं झाली, खांदा काही खाली येत नाही.

दादरचा_मध्यमवर्गीय
खांदा स्टंपच्या वर होता की खाली, एवढंच सांग. बाकी अक्कल पाजळू नकोस.

खडूस_सातारकर
पाकिस्तानने त्याचे चार कॅच सोडले, त्याचंही खापर मशीनवर फोडा. आणि धागा बास्केटबॉलचा आहे हो.

निवृत्त_शिट्टी
नऊ वर्षं जिल्हा पातळीवर रेफ्री होतो, म्हणून लिहितो. एका स्पर्धेत आयोजकांचा पुतण्या चार फाऊलवर खेळत होता. पाचव्याला बाहेर. बास्केटखाली त्याने समोरच्या पोराचं मनगट धरलं, मी चार फुटांवर. शिट्टी दातात होती. वाजलीच नाही. पाकीट नाही, फोन नाही. बघायला आलेल्या सगळ्यांना तोच हवा होता, एवढंच. ते पोरगं मनगट चोळत माझ्याकडे बघत राहिलं, बोललं काहीच नाही. नंतर टेबलावर चहा आला, मी घेतला नाही. तेव्हा 'विकला गेला' म्हणणाऱ्यांनो, एनबीएच्या डोनागीसारखा सट्टेवाला रेफ्री एखादाच. बाकीचे माझ्यासारखे. पण पक्याभाऊ, हेही खरं की वेड दर वेळी आत घुसायचा आणि डॅलस लांबून जंप शॉट मारत बसायचं. लांबून मारणाऱ्याला कोण कशाला धडकेल?

प्लेनोचा_पक्या
बरं, घुसायचा. मान्य. २५ पैकी वीस घ्या, पदरात घाला. उरलेले पाच?

खडूस_सातारकर
चला, पाचवर आला गडी. शेवटची शिट्टी हलकी होती, हे मीही देतो. २०११ ला त्याच मायामीला ४-२ ने हरवून डर्कने हिशेब चुकता केला. तुम्ही कधी करणार?

लेगबाय
खांदा स्टंपच्या खालीच होता. आत्ताच पाहिलं.

प्लेनोचा_पक्या
टाईमआऊटचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.