रात्री ३८ मायक्रोसेकंद, दिवसा सर्व्होची बोंब

भोसरीचा वायरमन:
मंडळी, आठवडाभर डोकं पिकलंय. बाटल्यांना लेबल लावायचं मशीन आहे. चार सर्व्हो (अचूक जागी फिरणाऱ्या मोटारी), त्यांना पीसीशी जोडणारं इथरकॅट नेटवर्क, १ मिलिसेकंदाची सायकल, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक फ्रेम (डेटाचं पाकीट) सगळ्यांकडून फिरून परत येते. मास्टर (सर्व्होंना हुकूम देणारा प्रोग्राम) लिनक्स पीसीवर, कर्नल ५.१५, काम ठरल्या वेळी व्हावं म्हणून रिअल-टाइम पॅच लावलेला, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मात्र नेहमीचाच. दिवसातून पाच-सहा वेळा सिंक एरर (वेळ जुळली नाही, अशी सर्व्होची तक्रार) येऊन लाइन थांबते. त्याआधी तिसरा ॲक्सिस, म्हणजे तिसरी मोटार, किर्र करतो. तो आवाज आता मला झोपेतही ऐकू येतो.

रात्री ११ ते सकाळी ६ सायक्लिकटेस्ट (टास्कला उठायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) चालवली, कमाल ३८ मायक्रोसेकंद. बायोसमधले सी-स्टेट (प्रोसेसरच्या डुलक्या) बंद आहेत. मालक म्हणतात, 'लिनक्स काढा, पीएलसी बसवा.' (पीएलसी म्हणजे कारखान्यातला तयार कंट्रोलर.) अजून काय बघू?

पॅनलवाला:
अर्थिंग बघा. सर्व्होची पॉवर केबल आणि नेटवर्कची केबल एकाच ट्रेमधून नेली असणार.

भोसरीचा वायरमन:
ट्रे वेगळे आहेत. स्लेव्हच्या (नेटवर्कवरच्या प्रत्येक सर्व्होच्या) प्रत्येक पोर्टचे सीआरसी काउंटर, म्हणजे बिघडलेल्या फ्रेमची मोजणी, वाचले, सगळे शून्य.

रिकामटेकडी:
मग केबलचा नाद सोडा. सायक्लिकटेस्ट फक्त टास्क वेळेवर उठला का ते सांगते. उठून त्याने टाकलेलं पत्र पेटीत कधी पडलं, ते तिला काय माहीत? मास्टरच्या कोडमध्येच दर सायकलला दोन वेळा नोंदवा: फ्रेम पाठवायचं फंक्शन संपलं ती, आणि फ्रेम परत आली ती. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट वीस नोंदी काढा आणि त्या क्षणी मशीनवर काय चाललं होतं ते बघा.

आणि एक विचारते, रागावू नका. रात्री ११ ला लाइन चालू होती का?

भोसरीचा वायरमन:
नव्हती. 🤦

नोंदी काढल्या. एरवी फ्रेम ६०-७० मायक्रोसेकंदांत परत येते. वाईट वीसपैकी एकोणीस बाटलीचा सेन्सर लागल्यानंतरच्या, सगळ्यात मोठी १,१४०. सेन्सर लागला की दुसऱ्या पोर्टवरचा गिगाबिट कॅमेरा फोटो पाठवतो.

रिकामटेकडी:
सापडला की चोर! १२८० बाय १०२४ चा कृष्णधवल फोटो म्हणजे साध्या आकाराची सुमारे ९०० पॅकेट, साधारण ११ मिलिसेकंदांचा लोंढा. दोन्ही पोर्टचे इंटरप्ट ('डेटा आलाय' अशा हाका) प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येत असणार. तुमच्या कर्नलवर सॉफ्टआयआरक्यूचं (हाकेनंतरचं पॅकेट उरकायचं काम) कुलूप कोअरमागे एकच. कॅमेऱ्याचा थ्रेड ते धरून बसला की तुमचा वरच्या प्रायॉरिटीचा टास्क फ्रेम पाठवतानाही दाराशी ताटकळतो. म्हणून नुसती प्रायॉरिटी वाढवून भागणार नाही, कॅमेऱ्याला दुसऱ्या कोअरवर हाकला. कॅमेरा आणि कार्ड दोघांना झेपत असेल तर ९००० बाइटची जंबो पॅकेट लावा, संख्या दीडशेवर येईल.

भोसरीचा वायरमन:
कॅमेरा कोअर ० वर, इथरकॅटचा पोर्ट आणि मास्टर कोअर ३ वर. काल दोन्ही शिफ्टमध्ये लाइन एकदाही थांबली नाही, कमाल ९४.

आज सकाळी पीसी रीस्टार्ट केला आणि पुन्हा किर्र! आयआरक्यूबॅलन्सने (इंटरप्ट आपोआप कोअरांवर वाटणारी सर्व्हिस) कॅमेरा गुपचूप कोअर ३ वर आणून ठेवला होता. ती सर्व्हिस कायमची बंद केली, कोअरची वाटणी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकली. दुपारी ४ पर्यंत कमाल ९१, बाटल्या चालू असताना मोजलेले.