वॉटरफॉल प्रकल्पात टाइमबॉक्स: कितपत पटतं?

खडूफळा: आमच्याकडे अजून वॉटरफॉलच आहे. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, आणि प्रत्येक टप्प्याला साइन-ऑफ, म्हणजे मंजुरीची सही. मागच्या प्रकल्पात डिझाइनला चार महिने होते. तिसऱ्या महिन्यापासून दर सोमवारी एकच उत्तर, "नव्वद टक्के झालंय." चौथा महिना सरला तरी नव्वदच! म्हणून या वेळी त्याच टप्प्याचे तीन-तीन आठवड्यांचे तुकडे, म्हणजे टाइमबॉक्स, पाडले. तारीख हलवायची नाही, राहिलेलं पुढच्या तुकड्यात. अर्धवट कामाला शून्य, पूर्ण झालं तरच शंभर. जितका वेळ द्याल तितकं काम फुगतं, हे ब्रिटिश लेखक पार्किन्सनने १९५५ सालीच लिहून ठेवलंय. टप्प्यांच्या प्रकल्पाला हीच पद्धत हवी, असं माझं ठाम मत.

उंटावरचा: साफ असहमत. टाइमबॉक्स म्हणजे तारीख पक्की आणि स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, सैल. तुमच्या स्कोपवर तर आधीच सह्या झाल्यात, मग सैल काय सोडणार? दर्जाच ना! तिसरा आठवडा आला की लोक डिझाइनचे सोपे पाच कागद उरकतात आणि दोन सिस्टिम जोडणारा अवघड कागद मागे सारतात. प्रगतीचा तक्ता हिरवागार. तो कागद मग टेस्टिंगमध्ये गाठतो, आणि तेव्हा डिझाइन उघडायचं म्हणजे पुन्हा सगळ्या सह्या.

सावकाश: +१. सगळंच काम तुकड्यांत बसत नाही हो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात, तुमचा तुकडा तीन आठवड्यांचा आहे म्हणून ते लवकर पक्कं होत नाही. मंजुऱ्यांचंही तेच.

खडूफळा: मंजुऱ्या आम्ही तुकड्यांबाहेरच ठेवतो. अवघड कागदाचा मुद्दा मात्र बोचला, कारण पहिल्या तुकड्यात नेमकं तेच झालं. आता सर्वांत जोखमीचं काम पहिल्या आठवड्यात घ्यायचं, असा नियम केलाय.

जुनाखोड: वॉटरफॉलचं खापर ज्यांच्यावर फुटतं त्या सॉफ्टवेअर-तज्ज्ञ रॉइस यांनी १९७० च्या लेखातच सांगितलं होतं की असं एका दमात सरळ खाली जाणं धोक्याचं आहे. त्यामुळे टप्प्याच्या आत छोट्या फेऱ्या मारणं म्हणजे काही पाप नाही. पण उंटावरचा यांचा प्रश्न खरा आहे. १९९० च्या दशकातल्या डीएसडीएम या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत टाइमबॉक्स आहेत, आणि तिथे 'हवंच' या वर्गातलं काम एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांहून जास्त नसावं असा संकेत आहे. बाकीचं कापता येतं, म्हणून तारीख टिकते. खडूफळा, तुमच्या यादीत 'हवंच' किती?

खडूफळा: आत्ताच मोजलं. ४१ पैकी ४१.

उंटावरचा: 😄 बसा आता तारीख धरून.

खडूफळा: हसा. सोमवारी ग्राहकांबरोबर बैठक लावलीय. निदान आठ-दहा तरी खाली उतरवायचेत.