अनुभव धागा : परीक्षेविना झालेली दहावी

परवा भाचीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी कागदपत्रे जुळवताना तिची २०२१ ची दहावीची गुणपत्रिका हाती आली. त्या वर्षी करोनामुळे परीक्षा न होताच महाराष्ट्राचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पण अकरावीत साधी समीकरणे सोडवताना तिची जी त्रेधा उडाली, तिचा त्या गुणांत मागमूसही नाही. आपल्या घरी वा वर्गात काय घडले, ते जरूर लिहावे.

नलू : मी गणित शिकवते. ऑनलाइन वर्गात भूमितीची रचना पडद्यावर दाखवता येते, मात्र मुलाने कंपासचे टोक कुठे टेकवले, ते दिसत नाही. फोटोतली स्पर्शिका अगदी सुबक असे, पण कंसांच्या खुणाच नसत. म्हणजे रेघ पट्टीने अंदाजे ओढलेली. वर्गात हे बाकापाशी उभे राहताच कळते.

मैदानवीर : आमचे शंभरांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून धरले. त्या नववीची वार्षिक परीक्षाच रद्द झालेली, त्यामुळे पहिल्या सत्रात कबड्डीपायी केलेली टंगळमंगळ थेट दहावीत उतरली. अकरावी प्रवेशाच्या सीईटीत (सामाईक परीक्षेत) भरून काढीन म्हणत होतो, तर ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

तेजस_२२ : आमची परीक्षा २०२२ मध्ये प्रत्यक्ष झाली. अभ्यासक्रम २५ टक्के कमी होता, मोठ्या पेपरांना अर्धा तास जादा होता, तरी माझा इतिहासाचा शेवटचा प्रश्न राहिलाच. फोनवर पर्याय निवडून चाचण्या दिल्यामुळे सलग लिहिण्याची सवय मोडली होती आणि पहिल्या तासातच हाताला रग लागली.

सुमनताई : तेजस, आमच्याकडेही तेच. शिवाय घरात एकच स्मार्टफोन, तोही यजमान सकाळी कामावर घेऊन जात. संध्याकाळी थोरली गटावरचे फळ्याचे फोटो वहीत उतरवून घेई. ‘दहावीचे वर्ष आहे’ म्हणून धाकट्याला फोन मिळतच नसे. त्याची आठवी तशीच गेली आणि अपूर्णांक कच्चे राहिले ते राहिलेच.

जुनाजाणता : आम्ही २०२० चे. भूगोलाचा पेपर रद्द होऊन इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले, त्यामुळे त्या विषयात मी आजवरचा सर्वाधिक हुशार ठरलो.

नलू : सुमनताई, धाकट्याला सातवीच्या पुस्तकातले अपूर्णांक पुन्हा सोडवायला द्या, बारावीतही त्यात कमीपणा नाही.