क्लॅमथची धरणं पाडली, पण विचारलं कुणाला?

ओरेगनकर: अमेरिकेत ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार वीजधरणं २०२४ मध्ये पाडून झाली. अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणाला ३० ते ५० वर्षांचा परवाना मिळतो. मुदत संपली की कंपनीने पुन्हा अर्ज करायचा, आणि त्यावर अगदी गळ टाकून बसणाराही लेखी म्हणणं देऊ शकतो. परवाना देणाऱ्या केंद्रीय आयोगाला इथे फर्क म्हणतात.

कॅलिफोर्नियातल्या सिस्कियू काउंटीत, जिथे चारपैकी तीन धरणं होती, २०१० मध्ये सल्लादर्शक मतदान झालं. जवळजवळ ८० टक्के लोक 'पाडू नका' म्हणाले. फर्कला काही फरक पडला नाही. गेल्या उन्हाळ्यात कॉप्कोला गेलो होतो, जिथे धरणाचं तळं होतं. बोट बांधायचा लाकडी धक्का गवतात उभा, दोरी अडकवायची कडी अजून तशीच. हा कसला लोकसहभाग?

गाळमाती: नदी एका काउंटीची आहे का? मुखाशी युरोक या मूळनिवासी जमातीचे लोक राहतात, हम्बोल्ट आणि डेल नॉर्ट काउंटींमध्ये. त्यांना सिस्कियूची मतपेटी कुठली? २००२ मध्ये खालच्या टप्प्यात ३० हजारांहून जास्त सॅल्मन मेले, ते त्यांच्या दारात कुजले.

वीजवाला: थांबा. २००२ चे मासे मेले ते शेतीला पाणी वळवल्यामुळे आणि रोगामुळे. ते या चार धरणांच्या नावावर टाकू नका. १६० मेगावॅटच्या आसपास क्षमता घालवली, तीही बिनकोळशाची. आणि निर्णय लोकांनी घेतलाच नाही. नव्या परवान्यासाठी माशांना चढायच्या वाटा बांधायची अट आली, ते पाडण्यापेक्षा महाग पडत होतं. कंपनीने हिशोब केला, संपलं.

गाळमाती: २००२ बद्दल मान्य, घाईत लिहिलं. पण अट काय आभाळातून पडली? २००६ मध्ये, परवाना संपला त्याच वर्षी, प्रशासकीय न्यायाधीशापुढे साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. कंपनीने तिथे अटींनाच आव्हान दिलं होतं. जमातींचे आणि मत्स्यखात्यांचे पुरावे बव्हंशी टिकले. हात वर करणं वेगळं, पुरावा घेऊन उभं राहणं वेगळं. धरणवाल्या कंपनीची मालक बर्कशायर हॅथवे, तिच्या सभेला ओमाहापर्यंत गेले या जमातींचे लोक. पाडायची परवानगी आली नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधली सोळा वर्षं कंपनीने वर्षावर्षाच्या परवान्यावर काढली.

मुळशीकर: सोळा वर्षं भांडायला मिळाली याचाच हेवा वाटतो. मुळशीला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. शंभर वर्षांत 'पुन्हा विचारू या का' म्हणत कुणी आल्याचं आमच्या आजीच्या माहेरी कुणाला आठवत नाही.

वीजवाला: मुळशीची तुलना उलटी होते हो. तिथे धरणात ज्यांचं बुडालं ते हरले. इथे धरण पाडल्यावर तळ्याकाठी घर घेतलेले हरले.

गाळमाती: आणि मासे आले. ऑक्टोबर २०२४ मध्येच चिनूक जातीचे सॅल्मन ओरेगनात स्पेन्सर क्रीकपर्यंत पोचले. १९१२ नंतर पहिल्यांदा.

ओरेगनकर: मासे आले, आनंदच आहे. पण पुराव्याचं म्हणता ना? माझ्या ओळखीचे एक काका कॉप्कोला राहतात. फर्कला द्यायचं त्यांचं म्हणणं लिहायला मीच बसलो होतो. दोन पानं झाली, त्यात सारखं एकच: 'मी इथे तीस वर्षं राहतो.' आता त्यांच्या बोअरचं पाणी खाली गेलंय. आधी किती खोल होतं, असं त्यांनाच विचारतात. घरच्या बोअरची पातळी कोण लिहून ठेवतं?