१८७५ चे दख्खनचे दंगे: कॉलेजच्या ग्रंथालयात काय शोधू?

रानजाई
नमस्कार मंडळी. एस.वाय.बी.ए. इतिहासाला आहे. प्रकल्पाला दख्खनचे दंगे घेतलेत, म्हणजे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेला उठाव. अट अशी आहे की साधनं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातलीच हवीत आणि त्यात निदान एक त्या काळातलं हवं. मुदत जानेवारीअखेर. खर्च पाचशेच्या आत बसवायचाय, झेरॉक्स आणि बाइंडिंग धरून. ग्रंथालय खूप जुनं आहे, पण तिथल्या संगणकावर ‘दख्खनचे दंगे’ टाकलं की एकही पुस्तक दिसत नाही. कुठून सुरुवात करू?

दप्तरखाना
कॉलेजच्या ग्रंथालयात कशाला अडकतेस? सरळ मुंबईला जा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात महसूल खात्याचे त्या काळचे मूळ कागद आहेत. मी एम.ए.चा अख्खा प्रबंध तिथे बसून केला. महिनाभर कुणा नातेवाइकांकडे राहण्याची सोय कर. अस्सल कागद हातात घेतल्याशिवाय इतिहास कळत नाही.

कपाटकिल्ली
रानजाई, मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. तुझ्या अटीत राहूनच सांगते. जुना संग्रह बऱ्याच ठिकाणी संगणकावर चढलेलाच नसतो, आणि चढला तरी इंग्रजी नावाने. ‘डेक्कन रायट्स’, ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, ‘इनडेटेडनेस’ असे शब्द टाकून बघ. तरी नाही मिळालं तर कार्ड कॅटलॉग आणि दाखल नोंदवही मागून घे. नोंदवहीत पुस्तक आल्याची तारीख, किंमत, देणगीदार सगळं ओळीने लिहिलेलं असतं.

आणि फक्त भारताच्या इतिहासाच्या, ९५४ क्रमांकाच्या फडताळावर थांबू नकोस. सावकारी ३३२ मध्ये, जमीन ३३३ मध्ये, शेतसारा ३३६ मध्ये सापडेल. सरकारी अहवाल तर अनेकदा वर्गीकरणच न होता आतल्या खोलीत पडून असतात. तिथल्या शिपाईमामांना विचार, त्यांना कपाटन् कपाट पाठ असतं.

पिक्सेलराव
एवढी धूळ कशाला खायची? सगळं ऑनलाइन आहे. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटिअर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं. एक चांगला टॅब घे, मी बावीस हजारांना घेतला, वाचायला अतिशय सुखाचा. सोबत हातात धरायचा स्कॅनरही घेऊन टाक.

कपाटकिल्ली
तिचं बजेट पाचशे आहे हो. शिवाय स्कॅन करताना घडीचे नकाशे बरेचदा उलगडतच नाहीत. मी अशा प्रती पाहिल्यात, नकाशाच्या जागी नुसती घडी दिसते. छापील प्रत असेल तर तीच घ्यावी. पुण्याचा खंड १८ आहे, त्याचा भाग २ काढ. त्यात भांडवलावरच्या प्रकरणात दंग्यांची हकिगत आहे.

पांढरंसोनं
मूळ कारण मात्र कापूस आहे, हे विसरू नका. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, तिथला कापूस बंद, इथे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. प्रकल्पाची सुरुवात इथूनच कर.

बाजरीचंशेत
हे सगळीकडे छापून येतं, पण दंगे पेटले त्या भीमथडी तालुक्यात पीक कसलं? बाजरी आणि ज्वारी! तिथे कापसापेक्षा साऱ्याचा तडाखा मोठा होता. १८३६ मध्ये इंदापुरात सुरू झालेल्या बंदोबस्ताची, म्हणजे ठरवलेल्या शेतसाऱ्याची, तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ पासून फेरआकारणीत सारा जबर वाढला. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने मात्र सरकारी साऱ्याला दोष दिला नाही, सावकाराला दिला. अहवाल लिहिणारं सरकारच, हे ध्यानात ठेवून वाच.

पांढरंसोनं
पैसा सैल झाला होता तो कापसामुळेच. बाजरीवाल्याला कर्ज काय आभाळातून मिळालं?

बाजरीचंशेत
रेल्वेच्या कामांची मजुरीही त्याच काळात गावात येत होती. एकाच कारणाला चिकटून राहू नका, एवढंच म्हणतोय.

मोडीप्रेमी
मोडी शीक. कर्जखतं मोडीत असायची. मी शिकलो, आता घरातली जुनी खतं स्वतः वाचतो. मोडीशिवाय या विषयाला हात घालू नये असं माझं ठाम मत आहे.

घोडनदीकाठ
मी शिरूरकडचा. सगळे भीमथडीतल्या सुपे गावाबद्दल लिहितात, १२ मे १८७५, बाजाराचा दिवस, वह्या आणि कर्जखतं जाळली. पण त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या करडे गावात सावकारांवर बहिष्कार पडला होता. शेत कसायचं नाही, हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही. त्याची आठवण कुणी काढत नाही.

इतिहासाचाविद्यार्थी
आधी कार्ड कॅटलॉग बघ. आणि गॅझेटिअर ऑनलाइन मिळतं. सुपेच घे, साधनं भरपूर आहेत. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकांच्या योजनेचं, सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घे, संशोधनलेख घरबसल्या वाचता येतात. आमच्याकडे वर्ग होते, पण ही सोय आहे हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. फी मात्र दरवर्षी घेतली.

दप्तरखाना
एन-लिस्ट ठीक आहे, पण मुंबईला जाच.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटकिल्ली मॅडम, दाखल नोंदवही मिळाली! जांभळ्या शाईतल्या नोंदी आहेत. त्यावरून गॅझेटिअरचा तो भाग आतल्या खोलीत सापडला. मागच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का १९७१ चा आहे. नकाशा घडीवर विरलाय, पण गावांची नावं वाचता येतात. शेजारीच आयोगाचा अहवालही होता. परिशिष्टं नाहीत, मुख्य भाग आहे.

मी सुपे घेत नाहीये, आणि कापूस की सारा हा निकालही लावत नाहीये. करड्याचा बहिष्कार घेते. सुप्यात खतं जाळली, म्हणजे कुणी किती घेतलं, व्याज कसं चढवलं, याचा कागदच गेला. राहिलं ते अधिकाऱ्यांनी लिहिलेलं. करड्यात लोकांनी काहीही न जाळता सावकाराला अडवलं, तर अधिकारी त्याबद्दल किती ओळी लिहितात आणि सुप्याबद्दल किती, हे मला शेजारी शेजारी ठेवून बघायचंय. जोतीराव फुल्यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ आमच्याकडे आहेच, तिसरा आवाज त्यांचा. मुंबई आणि मोडी पुढे एम.ए.ला.

घोडनदीकाठ
करडे घेतलंस, फार बरं वाटलं.

पांढरंसोनं
एक परिच्छेद तरी कापसावर लिही.

कपाटकिल्ली
विरलेली पानं झेरॉक्सवर उलटी दाबू नकोस, कणा तुटतो. वरून मोबाइलने फोटो काढ, पण परवानगी घेऊन. आणि तळटीपेत पानाच्या क्रमांकासोबत दाखल क्रमांकही लिही, म्हणजे तुझ्या मार्गदर्शकांना तीच प्रत काढून पडताळता येईल. अहवालाची परिशिष्टं विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत का, हे ग्रंथपालांना विचारायला सांग. आंतरग्रंथालयीन देवघेवीत मागवता आली तर तुझ्या अटीत बसतील का, ते सरांना आधी विचारून घे.