न्यू ऑर्डरचं 'सबस्टन्स' : सर्वोत्तम संग्रह, की मूळ गाण्यांवर अन्याय?

खर्ज (धागाकर्ता)

न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचा 'सबस्टन्स' हा दुहेरी संग्रह ऑगस्ट १९८७ मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सनं काढला. क्रमांक फॅक्ट २००. सिंथ-पॉप बँडांचे गाजलेल्या गाण्यांचे संग्रह ढिगानं आहेत, पण एकच घ्यायचा तर हाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. कारण हा मुळात 'हिट गाण्यांचा' संग्रह नाहीच. हा बारा इंची सिंगल्सचा, म्हणजे मोठ्या तबकडीवर एकेक गाणं लांब आवृत्तीत काढायचे त्यांचा संग्रह आहे.

हा फरक मोठा आहे. त्या काळात बहुतेक बँड साडेतीन मिनिटांचं गाणं करायचे आणि नाचणाऱ्यांसाठी ते ताणून बारा इंचीवर टाकायचे. न्यू ऑर्डरकडे बरेचदा उलट होतं. 'ब्लू मंडे' १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये फक्त बारा इंचीवर निघालं, ७:२९ लांबीचं. तीच मूळ रचना. छोट्या आवृत्त्या नंतर कापून केलेल्या. शिवाय 'टेम्प्टेशन', 'ब्लू मंडे', 'कन्फ्यूजन', 'थीव्ज लाइक अस' यांतलं एकही गाणं त्या वेळच्या ब्रिटिश अल्बमांवर नव्हतं. अल्बम सगळे घेतले तरी बँडचं निम्मं काम हाती येत नव्हतं. ते 'सबस्टन्स'नं आणून दिलं. ब्रिटनमध्ये ३ रा, अमेरिकेत ३६ वा क्रमांक मिळाला, आणि अमेरिकेतल्या बहुतेक श्रोत्यांना हा बँड कळला तो इथूनच.

'ब्लू मंडे'ची सुरुवात चांगल्या हेडफोनवर ऐका. ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनची किक, मधूनच सोळांशात धावणारी. मग सिक्वेन्सरवरची धून येते आणि ती तालापेक्षा किंचित सरकलेली वाटते. बँडच्या कीबोर्डवादक गिलियन गिल्बर्टनं ती धून कागदावर लिहून एकेक सूर भरला होता, त्यात एक जागा राहून गेली आणि अख्खी ओळ पुढेमागे झाली. ती तशीच ठेवली. ती चूक दुरुस्त केली असती तर गाणं सपाट झालं असतं. हे सरकलेपण पूर्ण लांबीतच अंगात भिनतं, चार मिनिटांच्या तुकड्यात नाही.

तबकडी_४५

पूर्णपणे असहमत. 'बारा इंची सिंगल्सचा संग्रह' हे वर्णनच चूक आहे, कारण त्यातली दोन गाणी मूळ सिंगल्स नाहीतच. 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्यूजन' ही दोन्ही १९८७ मध्ये नव्यानं ध्वनिमुद्रित केली आणि जुन्यांच्या जागी बसवली. मुखपृष्ठावर फक्त १९८७ हा आकडा. ऐकणारा समजतो की १९८२ चं गाणं ऐकतोय.

मूळ बारा इंची 'टेम्प्टेशन' (फॅक ६३, मे १९८२) पावणेनऊ मिनिटांचं आहे. 'सबस्टन्स'वर ६:५९. नुसतं लहान झालं असतं तर चाललं असतं. मूळ गाणं बँडनं स्वतःच निर्मित केलंय. त्यात आवाज एकमेकांत मिसळतात, गायक बर्नर्ड समनरचा गळा कुठे कुठे फाटतो, ड्रम आणि यंत्र यांची ओढाताण ऐकू येते. त्यांच्या आधीच्या 'जॉय डिव्हिजन' बँडचा गायक इयन कर्टिस गेल्यानंतर वाट शोधणारे लोक पहिल्यांदा आनंदानं वाजवतायत, हे त्या ओढाताणीतूनच कळतं. १९८७ च्या आवृत्तीत सगळं घट्ट आणि चकचकीत. गाणं तेच, पण त्यातली धडपड गेली.

'कन्फ्यूजन'चं तर अर्धं अंग कापलं. मूळ ८:१३, इथं ४:४३. ते गाणं न्यूयॉर्कमध्ये निर्माता आर्थर बेकरबरोबर केलं, फनहाउस क्लबच्या नाचणाऱ्यांसाठी. व्हिडिओतसुद्धा तोच क्लब दिसतो. क्लबमधलं गाणं लांब असतं ते उगाच नाही : एकेक वाद्य काढून घ्यायचं, थांबायचं, परत आणायचं. पावणेपाच मिनिटांत ती मोकळीक उरत नाही.

टेपवाला

दोघांचंही थोडं खरं आहे, पण मूळ अडचण लांबीची आहे आणि ती मोजून बघता येते. सीडीच्या पहिल्या डिस्कवरची बारा गाणी :

सेरेमनी ४:२३, एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन ५:३०, टेम्प्टेशन ६:५९, ब्लू मंडे ७:२९, कन्फ्यूजन ४:४३, थीव्ज लाइक अस ६:३६, द परफेक्ट किस ८:०२, सब-कल्चर ४:४८, शेलशॉक ६:२८, स्टेट ऑफ द नेशन ६:३२, बिझार लव्ह ट्रँगल ६:४४, ट्रू फेथ ५:५५.

बेरीज ७४ मिनिटं ९ सेकंद. तेव्हाच्या सीडीची मर्यादा ७४ मिनिटांच्या आसपास. म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली, आणखी एक मिनिटही बसलं नसतं. म्हणून कात्री लागली : 'शेलशॉक' ९:४१ वरून ६:२८, 'सब-कल्चर' ७:२६ वरून ४:४८, 'द परफेक्ट किस' ८:४६ वरून ८:०२.

या तिघांत 'परफेक्ट किस'चा काप सगळ्यात जास्त खुपतो, जरी तो सगळ्यात लहान असला तरी. बेडकांच्या आवाजांचा मधला भाग शाबूत आहे, पण नंतर सगळी वाद्यं एकावर एक चढत जातात आणि गाणं जिथं कोसळायला हवं तिथं ते हळूहळू मंद होत बंद होतं. अगदी शेवटी एक सिंथची मेंढी बारीक आवाजात ओरडते, तीही गेली. चढण आठ मिनिटं चढवायची आणि शिखरावर दिवा मालवायचा, हे बरोबर नाही.

असं सांगितलं जातं की फॅक्टरीच्या टोनी विल्सन यांना आपल्या नव्या जॅग्वारमधल्या सीडी प्लेअरवर सगळी सिंगल्स ऐकायची होती, त्यातून हा संग्रह सुचला. तसं असेल तर सीडीच्या मापानं गाणी बेतली गेली यात नवल नाही.

रविवार_दुपार

मला हा वाद थोडा वेगळ्या बाजूनं दिसतो. नवीन ऐकणाऱ्याला 'सबस्टन्स' देऊच नये. २००५ चं दोन सीडींचं 'सिंगल्स' द्यावं. कारण साधं आहे. 'सबस्टन्स' ऑगस्ट १९८७ ला थांबतं. 'टच्ड बाय द हँड ऑफ गॉड' त्याच वर्षी डिसेंबरात आलं, ते नाही. 'फाइन टाइम' नाही, १९९० चं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'वर्ल्ड इन मोशन' नाही, १९९३ चं 'रिग्रेट' नाही. 'सर्वोत्तम संग्रह' म्हणायचं आणि 'रिग्रेट' वगळायचं, हे कसं पटवून घ्यायचं?

आणि बारा इंचीचं एवढं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. सगळ्याच लांब आवृत्त्या चांगल्या नाहीत. 'सब-कल्चर' घ्या. 'लो-लाइफ' अल्बमवर ते काळोखं, आवळलेलं गाणं आहे. जॉन रोबीनं सिंगलसाठी केलेल्या मिश्रणात मागून बायकांचा कोरस येतो, झांजा येतात, आणि गाण्याचा एकटेपणा पार धुऊन निघतो. इथं कात्री लागली हे उलट बरंच झालं.

खर्ज

'रिग्रेट' नसण्याबद्दल : १९८७ च्या संग्रहात १९९३ चं गाणं मागणं बरोबर नाही. आणि सहा वर्षांपुरतं असणं हीच त्याची ताकद आहे. 'सेरेमनी' हे जॉय डिव्हिजनच्या शेवटच्या दिवसांतलं गाणं, कर्टिसच्या शब्दांचं. इथं त्याची सप्टेंबर १९८१ ची दुसरी आवृत्ती आहे, गिलियन गिल्बर्ट आल्यानंतरची. नुसती गिटार, बेस, ड्रम. तिथून निघून बारा गाण्यांनी आपण निर्माता स्टीफन हेगबरोबर केलेल्या 'ट्रू फेथ'पर्यंत पोचतो, ते या संग्रहासाठीच ध्वनिमुद्रित झालेलं, अमेरिकेत पहिल्या चाळिसांत गेलेलं त्यांचं पहिलं गाणं. गाणी निघाली त्याच क्रमानं लावलीत, त्यामुळे गिटारचा बँड यंत्रांशी मैत्री कशी करत गेला ते पायरीपायरीनं ऐकू येतं. 'सिंगल्स'मध्ये बरीच गाणी छोट्या, सात इंची रूपात आहेत. तिथं यादी मिळते, प्रवास मिळत नाही.

'सब-कल्चर'बद्दल मात्र तुमचं मान्य. तो कोरस मलाही रुचत नाही.

पण तबकडी_४५, 'टेम्प्टेशन'बद्दल तुम्ही फार कठोर होताय. १९८७ ची आवृत्ती खोटी नाही, ती त्याच बँडची आहे. तिच्यात पीटर हुकचा बेस मोकळा ऐकू येतो, वरच्या सुरांवर धून वाजवणारा. मूळ आवृत्तीत तो गर्दीत दबतो. 'ट्रेनस्पॉटिंग' चित्रपटातही हीच नवी आवृत्ती घेतली होती. हजारो लोकांच्या मनात गाणं म्हणून हीच बसलीये.

तबकडी_४५

लोकांच्या मनात बसली, कारण मूळ मिळतच नव्हती. लोकांनी दोन्ही ऐकून निवडलं असतं तर गोष्ट वेगळी. नवी आवृत्ती 'ट्रू फेथ'सारखी शेवटी जोडली असती, तिच्यावर साल छापलं असतं, तर माझी काहीच तक्रार नव्हती. जुनीच्या जागी ठेवली, इथं तक्रार आहे. आणि तुमचा क्रमाचा मुद्दा याच जागी मोडतो. 'सेरेमनी' १९८१, 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन' १९८१, मग एकदम १९८७ चा ड्रमचा आवाज, मग १९८३ चं 'ब्लू मंडे'. पायऱ्या म्हणता, पण तिसरी पायरी वरच्या मजल्यावरून आणून बसवलीये.

खर्ज

हे बिनतोड आहे. क्रमाबद्दलचा माझा मुद्दा तेवढा मागे घेतो. तिसऱ्या गाण्याला कान अडखळतोच.

टेपवाला

मग दुरुस्त करून ऐका, अवघड नाही. 'सबस्टन्स'चा पाया तसाच ठेवायचा, पाच गाणी बदलायची. २००८ मध्ये जुन्या अल्बमांच्या दोन सीडींच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांच्या दुसऱ्या डिस्कवर लागणारं सगळं आहे. 'मूव्हमेंट'मधून १९८२ चं 'टेम्प्टेशन', 'पॉवर, करप्शन अँड लाइज'मधून मूळ 'कन्फ्यूजन', 'लो-लाइफ'मधून 'परफेक्ट किस', 'सब-कल्चर' आणि 'शेलशॉक' यांच्या पूर्ण आवृत्त्या. 'सब-कल्चर' नकोसं असेल तर त्याच संचाच्या पहिल्या डिस्कवरचं अल्बममधलं घ्या.

पाचही पूर्ण लांबीची घेतली तर एकूण ८६ मिनिटं होतात. ८० मिनिटांच्या कोऱ्या सीडीवर ती मावत नाहीत, दोन लागतील. तोडायचं तर 'थीव्ज लाइक अस'नंतर तोडा. 'परफेक्ट किस'नं दुसरी डिस्क फार छान उघडते.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक, २००८ च्या संचांची पहिली खेप सदोष होती. काही गाणी तबकडीवरून उतरवल्यासारखी, चटचट आवाजांसकट होती. २००९ मध्ये दुरुस्त प्रती आल्या. जुनी प्रत विकत घेताना हेडफोन लावून गाण्यांच्या शांत सुरुवाती आणि शेवट ऐका, चटचट तिथंच सापडते. दोन, आवाजाची पातळी. १९८७ ची सीडी हळू आहे, २००८ चं मास्टरिंग जोरात. नुसती एकामागे एक लावली तर 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन'नंतर 'टेम्प्टेशन' अंगावर येतं. रीप्लेगेन (गाण्यांची पातळी वाजवताना सारखी करणारी सोय) वापरा, पण 'ट्रॅक' पर्यायावर. 'अल्बम' पर्याय एकाच अल्बमच्या गाण्यांमधला चढउतार जपण्यासाठी असतो, इथं गाणी चार ठिकाणांहून आलीत, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. फायली मात्र जोर वाढवून नव्यानं लिहू नका. जोरातल्या गाण्याची पातळी खाली आणणं सुरक्षित, हळू गाणं वर ढकललं तर ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन आवाज फाटतो.

स्ट्रीमिंगवर शोधत असाल तर नावावर विसंबू नका, लांबी बघा. 'टेम्प्टेशन' सात मिनिटांच्या आत असेल तर ते १९८२ चं बारा इंची नव्हे.

रविवार_दुपार

दुसऱ्या डिस्कबद्दल कुणीच बोललं नाही. सिंगल्सच्या मागच्या बाजूंची गाणी तिथं आहेत, आणि 'सबस्टन्स'च्या बाजूनं बोलायचं तर मी तीच डिस्क पुढे करेन. 'इन अ लोनली प्लेस', 'लोनसम टुनाइट', '१९६३'. इतर बँड ज्यांना पहिली बाजू मानतील अशी गाणी इथं मागे टाकलेली. 'लोनसम टुनाइट'साठी तर मी पहिल्या डिस्कवरचं 'स्टेट ऑफ द नेशन' आनंदानं देऊन टाकेन.

टेपवाला

त्या डिस्कवर एक गफलत आहे, ती लक्षात ठेवा. जुन्या सीडीवर तिसरं गाणं 'मेश' म्हणून छापलंय, वाजतं ते 'क्राइज अँड व्हिस्पर्स'. ही दोन्ही गाणी 'एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन'च्या बारा इंचीच्या मागच्या बाजूला एकत्र होती, घोळ तिथूनच चालत आलाय. संगणकावर उतरवताना आपोआप भरलं जाणारं नाव चुकीचं येतं, हातानं बदला. 'हर्ट'ही तिथं कापलेलं आहे, सव्वाआठ मिनिटांचं सात मिनिटांवर आणलंय.

तबकडी_४५

दुसरी डिस्क मलाही प्रिय आहे, त्यावर वाद नाही. आणि २०२३ मध्ये 'सबस्टन्स' नव्यानं निघालं, त्यातला चार सीडींचा संच बघण्यासारखा आहे. चौथ्या डिस्कवर १२ सप्टेंबर १९८७ ची कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन मेडोजची मैफल आहे. त्या रात्री त्यांनी हा संग्रह जसाच्या तसा, क्रमानं वाजवला. १९८७ चंच 'टेम्प्टेशन' ऐकायचं असेल तर मी तिथलं ऐकीन. तिथं ते साफसूफ करून ठेवलेलं नाही.

खर्ज

ती चौथी डिस्क आणि टेपवाला यांची ८६ मिनिटांची यादी शेजारीशेजारी ठेवून 'टेम्प्टेशन' आधी एकीकडचं, मग दुसरीकडचं ऐका. हुकचा बेस कुठं पुढे येतो, ते मात्र नीट ऐका. तेवढ्यावर मी अजून अडून आहे.